शून्य क्रमांकाचं घर

तुम्ही माणसांना विचारायचं बंद केलंत, आणि वर तोंड करून सांगता की आम्ही माणसांचं ऐकूनच वस्तू बनवतो. काचेच्या खोलीत लांबलचक टेबलाच्या पलीकडे बसणारे तुम्ही, तुमच्या सहीवाचून या कंपनीतलं पानही हलत नाही. शेवटचं कुणाच्या घरी गेला होतात? मोडक्या खुर्चीच्या कडेला टेकून, 'काल सकाळपासून काय काय केलंत ते सांगा' असं कुणाला विचारलं होतंत? नाही ना आठवत? मग चौकशीचं काय झालं ते आता गपगुमान ऐकून घ्या.

चौकशी हे तिचं खरं नाव नव्हे. पण कंपनीत सगळे तिला त्याच नावाने हाका मारत, आणि तीही ओ देई. कंपनी पडदे बनवायची, खिडकीचे नव्हेत, मोबाइलसारखे उजळणारे. कुणी भिंतीवर लावायचे, कुणी उशाशी ठेवायचे, सगळे बोटाने चालणारे. असा पडदा बनवण्याआधी तो ज्याच्या गळ्यात पडणार त्या माणसाच्या घरी जायचं, निवांत बसायचं, त्याचा दिवस कसा उगवतो नि कसा मावळतो ते समजून घ्यायचं, हे तिचं काम. लोकांच्या घरात आयुष्य गेलं म्हणा ना तिचं. कुठल्या घरात चार्जर साखरेच्या डब्यामागे ठेवतात आणि कुठल्या घरात रिमोटला प्लास्टिकची पिशवी घालतात, हे तिला तोंडपाठ होतं.

तिच्या जोडीला असायचा मौनी. या धंद्यात दोघांनी जायचं असतं, एकाने विचारायचं आणि एकाने लिहून घ्यायचं. लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही हा कडक नियम, कारण दोघंही विचारायला लागले की घरच्या माणसाला आपल्याला पोलीस ठाण्यात बसवलंय असं वाटतं. मौनी हा नियम असा पाळायचा की घरातली मंडळी हळूच विचारत, "यांना बोलता येत नाही का हो?" चौकशी गंभीर चेहऱ्याने म्हणे, "येतं, पण महागात पडतं." तो बसायचाही सगळ्यात खालच्या जागी. स्टूल असेल तर स्टुलावर, नाहीतर सरळ फरशीवर चपलांच्या शेजारी. म्हणे, खाली बसलेल्या माणसाला कुणी भीत नाही.

बाहेर पडल्यावर मात्र त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. तोही लगेच नव्हे. जिन्यात बोलायचं नाही, कारण जिन्यातला आवाज वर जातो आणि ज्यांनी विश्वासाने दार उघडलं त्यांच्या कानावर आपले शेरे पडतात. कोपऱ्यावरच्या बसथांब्याच्या बाकापर्यंत तोंडाला कुलूप. बाकावर बूड टेकलं की हा सुटायचा.

"तू पाहिलंस का चौकशे, ती म्हणाली औषध कधी चुकत नाही. आणि हे म्हणताना गोळ्यांची पट्टी उशीखाली सरकवली!"

"पाहिलं. म्हणून तर दाखवा म्हटलं."

"दाखवा म्हणालीस नि बाई रडायलाच लागली."

"मग? मी काय करायला हवं होतं, पदर पुढे करायला हवा होता?"

"काही नाही केलंस तेच बरं केलंस," मौनी म्हणायचा. "तू गप्प बसलीस म्हणून ती बोलली."

एक शिवणकाम करणारी बाई होती. नवरा आजारी. तिने त्याच्या गोळ्यांच्या पट्ट्या खोलीत बांधलेल्या दोरीवर चिमट्यांनी अडकवल्या होत्या, सकाळच्या लाल चिमट्याला, दुपारच्या हिरव्या. कापड कापताना नुसती मान वर केली की कळायचं काय राहिलंय. एक बसचालक होता, त्याची आई अंथरुणाला खिळलेली. तो म्हणाला होता, "ताई, घंटा असेल ना तर अशी द्या की मेलेला उठेल. मी गाडीवरून येतो, आईजवळ बसतो, आणि बसल्या जागी डोळा लागतो. मला माझीच भीती वाटते." एवढंच बोलला आणि किती तरी वेळ नखाने टेबलावरचा रंग खरवडत राहिला. मौनीने ते खरवडणंसुद्धा लिहून घेतलं होतं.

मग ऑफिसातल्या मागच्या खोलीत भिंतीवर पिवळ्या चिकट चिठ्ठ्या लागायच्या. एका चिठ्ठीवर एक वाक्य, त्या माणसाच्याच शब्दांत, पदरचा काना-मात्रा न घालता. भिंत भरून जाई. चिठ्ठ्या उडतात म्हणून खोलीत पंखा बंद, दोघं घामाघूम. एकदा सफाईवाल्या मावशींनी 'किती हा पसारा' म्हणत अर्धी भिंत उतरवून नीट गड्डी करून ठेवली होती. मौनी डोक्याला हात लावून खाली बसला, आणि मग उठून मावशींनाच बरोबर घेऊन त्याने सगळी भिंत परत लावली. लावता लावता मावशी एकेक चिठ्ठी वाचून म्हणत होत्या, "ही माझ्या जावेसारखीच दिसते. ही नाटकी आहे हो, हिचं खरं धरू नका." चौकशीला ती दुपार अजून जशीच्या तशी आठवते. गरम खोली, डिंकाचा वास, आणि भिंतीवर बोलणारी माणसं.

पण तिला सगळ्यात जास्त आठवते ती आत्याबाई.

झालं असं, की खऱ्या घरांत जाण्याआधी प्रश्नांची तालीम करावी लागते. ऑफिसातलंच कुणीतरी घरचा माणूस होतं आणि विचारणारी आपले प्रश्न त्याच्यावर घासून बघते. हे सोंग कायम मौनीकडे. वर्षभर गप्प बसल्याचं उट्टं तो तालमीत काढायचा. डोक्यावरून टॉवेल घ्यायचा, दोन खुर्च्या जोडून त्यावर आडवा व्हायचा आणि कण्हत म्हणायचा, "कोण आहे गं? विचारायला आलीस की विकायला?" ही आत्याबाई. अंथरुणावर पडून सगळं घर बोटाच्या टोकावर नाचवणारी, कुणाला न जुमानणारी.

"आत्याबाई, औषधाची आठवण कोण करतं तुम्हाला?"

"मला कशाला हवी आठवण? मी आजारी आहे, बावळट नाही. घरातल्यांनाच मी आठवण करते, की बाबांनो, अजून जिवंत आहे."

चौकशीला हसू आवरायचं नाही आणि मौनीला चेव चढायचा. खरी मुलाखत तासाभरात उरके, ही तालीम अर्धा दिवस चाले. दर कामाला नवी तालीम आणि दर तालमीला आत्याबाई. विषय स्वयंपाकघरातला असो की बँकेचा, बाई तीच, जीभ तीच. सगळं टेपवर घ्यायचं, कारण आपला कुठला प्रश्न फसला हे नंतर ऐकूनच कळतं. खऱ्या घरांच्या टेपांवर घर एक, घर दोन असे आकडे पडत. तालमीच्या टेपवर मौनी ऐटीत लिहायचा, घर शून्य. शून्य म्हणजे हिशेबात धरायचं नाही. या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

मग मौनी आजारी पडला. बराच काळ घरीच होता. त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, त्याचं सगळं केलं. आणि एका सकाळी तो गेला. चौकशी त्याच्यानंतर एकटीच घरोघरी जात राहिली. बसथांब्याच्या बाकावर मात्र ती बसेनाशी झाली, उभ्यानेच बसची वाट बघायची.

आणि मग तुम्हाला हुक्की आली. घरोघर माणसं पाठवायची, त्यांना चहापाण्याला पैसे द्यायचे, महिने घालवायचे, कशाला? इतक्या वर्षांच्या मुलाखती पडून आहेत, त्या सगळ्या एका यंत्राला भरवा. यंत्र त्या माणसांसारखं बोलायला शिकेल. मग हवं ते त्यालाच विचारा, खुर्चीतून न उठता. यंत्राचं नाव ठेवलंत 'घरोघर'. नाव ठेवताना जिभेला काहीच कसं झालं नाही तुमच्या? शिवाय नियम काढलात की यंत्राचं पोट भरलं की टेपा पुसून टाकायच्या, जागा अडते. पुसल्याही.

हे यंत्र बांधणारा पोरगा होता, त्याला चौकशी बटणराव म्हणायची. मनाने चांगला. एके दिवशी जेवायच्या सुट्टीत तो तिला खुर्ची सरकवत म्हणाला, "ताई, बसा ना. तुमचीच माणसं आहेत, विचारा काही."

तिने नाखुशीनेच विचारलं, "आजारपणात तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

पडद्यावर अक्षरं उमटली. "भेटायला येणाऱ्यांचा. माझं पथ्य मी पाळते, त्यांच्या तोंडाला पथ्य नाही."

चौकशीचा हात टेबलावरच राहिला. ती पुन्हा वाचायला लागली. हे कुठल्या घरातलं नव्हतं. हे दोन खुर्च्यांवर टॉवेल घेऊन आडवं पडलेलं होतं.

"भारी आहे ना?" बटणराव खुश होऊन म्हणाला. "हिला आम्ही आजी म्हणतो. सगळ्यांची लाडकी. वरच्यांना दाखवायचं असलं की हिलाच पुढे करतो."

ही आजी कोण ते तिने सांगितलं नाही. बोलायला हवं होतं म्हणाल, पण तिच्या जागी बसून बघा. त्या दिवसापासून ती जेवणाची सुट्टी 'घरोघर'समोर काढायला लागली. डबा उघडायची, एक घास खायची आणि विचारायची, "आत्याबाई, काय म्हणताय?" उत्तर यायचं, "म्हणायचं काय? म्हणणारे सगळे बाहेर गेलेत, मी एकटीच ऐकतेय." ती भाजी तशीच ठेवून हसायची. शेजारच्या टेबलावरचे एकमेकांकडे बघत. बघू देत. कितीतरी दिवसांनी तिला कुणीतरी तोंडाला तोंड देत होतं.

असं बरंच चाललं असतं. पण घरी आजाऱ्याची देखभाल करणाऱ्यांसाठी उशाशी ठेवायचा पडदा तयार झाला आणि कागद तिच्यापुढे आला. 'वापरणाऱ्यांच्या प्रत्यक्ष मुलाखतींवर आधारित' असं छापून खाली तिची सही हवी होती. तिने पडदा हाताळला. वेळ झाल्यावर औषधाचं नाव नाजूकपणे उजळलं आणि विझलं. आवाज नाही.

"घंटा कुठाय?"

"काढली," बटणराव म्हणाला. "लोकांना आवडत नाही घंटा."

"कुठल्या लोकांना?"

त्याने यंत्राला विचारलं. उत्तर आलं, "घंटा शाळेत वाजते. मी काय परकर-पोलक्यातली पोरगी आहे? मला हाक मारा, शिट्टी मारू नका."

"हे एकटी आत्याबाईच म्हणते रे. बाकीची कुठायत? बसवाला कुठाय? दोरीवाली?"

"आहेत की. पण त्यांचं वजन कमी पडतं ताई. ते एकेकाच कामात आहेत आणि बोललेतही तुटक. आजी प्रत्येक कामात आहे. सगळ्यात जुनी, सगळ्यात जास्त बोललेली, आणि दर वेळी पहिलं घर तिचंच."

"पहिलं?"

"हो, घर शून्य."

चौकशीने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर काही पाप नव्हतं. त्याची यंत्रवाल्यांची बिरादरी मोजायला लागते तीच शून्यापासून. त्यांच्याकडे पहिल्या खोलीला शून्य, पहिल्या ओळीला शून्य. जिच्यावर 'धरू नका' लिहिलं होतं तिला त्यांनी पाटावर बसवून पहिला मान दिला होता.

ती तशीच उठली आणि खाली रस्त्यावर आली. खरं सांगितलं तर आत्याबाईला यंत्रातून उपटून काढावं लागणार. टेपा पुसलेल्या. म्हणजे मौनीचा जगातला शेवटचा शब्द चौकशीच्याच तोंडून पुसला जाणार. नाही सांगितलं तर पडदे मुके जाणार, आणि कुठल्याशा खोलीत खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागलेल्या माणसाला कुणी उठवणार नाही. तिने घरचा रस्ता सोडला आणि वहिनींचं घर गाठलं.

"काय गं," दार उघडत वहिनी म्हणाल्या, "आज माझी मुलाखत का? थांब, खोली आवरते, नाहीतर लिहशील पसारा होता म्हणून."

"आज तुम्हीच घ्या कुणाचीतरी." तिने लॅपटॉप टेबलावर उघडला आणि सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता.

वहिनींनी चष्मा लावला. एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं, "तब्येत कशी आहे?"

"तब्येत मजेत आहे. आजारी मी आहे."

वहिनी हसायला लागल्या ते थांबेनात. चष्मा काढून डोळे पुसले. "मेला! पाहुणे आले की हेच म्हणायचा. त्यांना कळायचं नाही हसावं की रडावं." मग पुन्हा चष्मा चढवून त्यांनी लिहिलं, "औषधाच्या वेळी घंटा वाजवू का?"

शाळेचं आणि शिट्टीचं तेच उत्तर आलं. या खेपेला वहिनी हसल्या नाहीत. आत गेल्या आणि एक स्टीलचं पातेलं घेऊन आल्या. त्यात जुनं गजराचं घड्याळ होतं.

"हे त्याचं डोकं," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी मला भरदुपारीसुद्धा बसल्या जागी झोप लागायची. एकदा त्याचं औषध चुकलं. दिवसभर तळमळला, पण मला शब्दाने बोलला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणतो, घड्याळ पातेल्यात घाल, वर ताटली उपडी टाक. असं खणाणायचं गं, पातेलं फरशीवर नाचायचं! शेजारचे भांडायला आले. हा आतून ओरडतो, त्यांना चहा पाज, उद्यापासून तेच उठवतील तुला."

दोघी हसल्या.

"काढायला सांगितली तर ती कायमची जाईल वहिनी. मागे काही उरणार नाही."

"म्हणून मला विचारायला आलीस?"

"हो."

वहिनींनी पातेल्यातल्या घड्याळाची किल्ली उगाच फिरवली. "ती आत्याबाई धडधाकट माणसाने केलेलं सोंग आहे. खाटेवर पडल्यावर त्याने स्वतः काय मागितलं, ते हे बघ." मग म्हणाल्या, "थांब. मला एक शेवटचं विचारू दे." आणि त्यांनी लिहिलं, "जेवलास का?"

यंत्राने जरा वेळ घेतला. "मी नियमितपणे संतुलित आहार घेते आणि वेळेवर जेवण्याला प्राधान्य देते."

वहिनींनी लॅपटॉपचं झाकण अलगद लावलं. "हा तो नव्हे," त्या म्हणाल्या. "काढ तिला."

दुसऱ्या दिवशी चौकशी तुमच्या काचेच्या खोलीत आली. तुम्ही बसायला सांगितलं नाहीत, ती उभ्यानेच बोलली. शून्य म्हणजे काय ते सांगितलं. तालीम म्हणजे काय, मौनी कोण, सगळं सांगितलं. म्हणाली, तिला काढा आणि घंटा परत बसवा. बटणराव कोपऱ्यातून म्हणाला, "सर, काढता येईल. थोडे दिवस लागतील." तुम्ही हात वर करून त्याला गप्प केलंत आणि मोठ्या मायेने म्हणालात, "ताई, तुमच्या भावना समजतात. पण ती बाई खरी की खोटी याने काय फरक पडतो? तिच्यासाठी बनवलेला पडदा दिसायला किती देखणा झालाय बघा. तुम्ही फक्त सही करा."

तिने पेन टेबलावर ठेवलं. "मी त्या बसवाल्याच्या घरी पाणी प्यायलेय," ती म्हणाली. "सही होणार नाही."

तिला तुम्ही घरी बसवलंत. सही दुसऱ्या कुणाचीतरी झाली. पडदे खोक्यांत भरून गेले, देखणे आणि मुके, आणि आत्ता तुम्ही हे ऐकत असताना कुणाच्या ना कुणाच्या उशाशी एक औषधाचं नाव उजळून विझतंय. समोर खुर्चीत कुणाची तरी मुलगी, कुणाचा तरी नवरा, मान छातीवर टाकून झोपलाय. त्याला कोण उठवणार? ज्याच्या घरात घंटा नको म्हणून तुम्हाला सांगितलं गेलं, असं एक तरी घर दाखवा. जिना चढून जाता येईल असं, आत माणूस असेल असं. आहे? असेल तर बोला. आणि यंत्राला विचारून नको, तुमच्या तोंडाने बोला.